दऱ्या शोधल्या आणि दर्या हाती आला : एकाच संकेतस्थळाची निरनिराळ्या फोनांवर होणारी निरनिराळी गत

धागाकर्ता : खतावणी

वाचनालयाची ग्रंथसूची संकेतस्थळावर आणण्याचे काम कार्यकारिणीने माझ्या अंगावर टाकले, तेव्हा ते तीन महिन्यांत हातावेगळे करीन असे मी भर सभेत म्हणालो होतो. मी पेशाने हिशेबनीस आहे; संकेतस्थळे बनवण्याचा नाद विद्यार्थिदशेपासूनचा असल्यामुळे सांगाडा उभा करणे जड गेले नाही. सुमारे २०,००० पुस्तकांच्या नोंदी, नाव किंवा लेखक टाकून शोधण्याची चौकट, सभासदाला आपल्या खात्यावरील पुस्तके व दंड पाहण्याची सोय आणि व्याख्यानांचे वेळापत्रक, एवढाच काय तो पसारा. घरच्या संगणकावर क्रोममध्ये सारे ठाकठीक चालत होते आणि त्या भरवशावर मी पेढेही वाटले.

पहिल्याच आठवड्यात ग्रंथपाल बाईंनी आपला आयफोन ६ माझ्यासमोर धरला. वर वाचनालयाचे नाव, आणि खाली पांढराशुभ्र पडदा. "तुमच्या सूचीत एकही पुस्तक दिसत नाही," असे त्या म्हणाल्या. मी त्यांना सफारी सोडून क्रोममध्ये पाहायला सांगितले, तर तिथेही तेच. नंतर वाचून समजले की आपल्याकडच्या आयफोनवरील क्रोम किंवा फायरफॉक्स यांच्या पोटात ॲपलचे वेबकिट हेच इंजिन असते. वरची पाटी बदलते, आतला स्वयंपाकी तोच. शिवाय आयफोनवर सफारीची आवृत्ती आयओएसच्या आवृत्तीला बांधलेली असते आणि आयफोन ६ वर आयओएस १२ च्या पुढची आवृत्ती चढत नाही, त्यामुळे "ब्राउझर अद्ययावत करा" हा सल्लाही कुचकामी ठरला.

दोष शोधायला मॅक संगणक आणि तार जोडून पाहावे लागते असे सगळीकडे लिहिलेले होते आणि माझ्याकडे मॅक नाही. शेवटी एक गावठी उपाय केला. पानाच्या माथ्यावर जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला हालचाल देणारी भाषा, तिची चार ओळींची एक स्वतंत्र फाइल ठेवली, जिचे काम एवढेच की पुढे कुठेही चूक झाली तर तिचा मजकूर आणि ओळीचा क्रमांक पानावरच छापायचा. बाईंच्या फोनवर पान पुन्हा उघडले आणि चोर सापडला. एका ओळीत मी प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे टिंब ही लघुखूण वापरली होती, म्हणजे "ही वस्तू असेल तरच तिच्या आत बघ" असे सांगणारी. ती खूण सफारीला १३.१ या आवृत्तीपासून कळते. त्याआधीच्या सफारीला ती व्याकरणाची चूक वाटते, आणि जावास्क्रिप्टमध्ये व्याकरणाची एक चूक निघाली की ब्राउझर ती ओळ वगळत नाही, सबंध फाइलच वाचायची नाकारतो. पानाचा मजकूर मांडणाऱ्या एचटीएमएलमध्ये अनोळखी टॅग (खूण) आला तरी आतला मजकूर दिसतो. पानाची सजावट सांगणाऱ्या सीएसएसमध्ये अनोळखी सूचना आली तर तेवढीच गाळली जाते. जावास्क्रिप्ट मात्र कडक सोवळ्यातले आहे. माझी पूर्ण सूची त्या फाइलवर टांगलेली होती, त्यामुळे एका टिंबापायी २०,००० पुस्तके गडप झाली.

आता सूची सर्व्हरवरच साध्या एचटीएमएलमध्ये तयार होते, शोधचौकट हा साधा अर्ज आहे आणि जावास्क्रिप्ट चालली तर सोय वाढते, नाही चालली तर काही अडत नाही. हे आधीच करायला हवे होते.

खरी गोची दुसऱ्या तक्रारीत आहे आणि तिच्यासाठीच हा धागा. आमचे एक निवृत्त शिक्षक भूगोलाचे वाचन करतात. त्यांनी "दऱ्या" असे टाकून शोधले, तर निम्मीच पुस्तके आली. त्यांच्या नातीच्या फोनवर तोच शब्द टाकला, तर उरलेली निम्मी आली. आमच्या नोंदींचा मोठा भाग पूर्वी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला होता आणि तो रूपांतर करून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणला आहे. भाच्याने सांगितले की मजकुरात न दिसणारी चिन्हे असतात, ती काढून टाक. मी काढली. आता गुरुजी डोंगरदऱ्या मागतात आणि सूची त्यांच्यापुढे दर्यावरची कोळीगीते आणि सागरी सफरी ठेवते. जाणकारांनी मार्ग सांगावा. त्याशिवाय सभासद क्रमांकाच्या चौकटीत देवनागरी अंक चालत नाहीत, काही फोनांवर अक्षरांचे माथे कापले जातात, आणि न्यू जर्सीतील एका देणगीदार सभासदांना आमचे प्रत्येक व्याख्यान एक दिवस आधी दिसते, अशाही तक्रारी आहेत.

प्रतिसाद : अर्धमात्रा

तुमच्या नोंदींत "दऱ्या" हा शब्द तीन प्रकारे लिहिलेला असणार आणि आजच्या ब्राउझरांत तिन्ही तंतोतंत सारखे दिसत असणार. पहिल्या प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर (सांकेतांक, म्हणजे युनिकोडमधील क्रमांक, ०९३१), मग हलन्त, मग य असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त, त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक (अक्षरे जोडणारे न दिसणारे चिन्ह) आणि मग य असतो. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलेल्या मजकुरात हा प्रकार फार सापडतो. तिसऱ्यात साधा र, त्याला नुक्ता (अक्षराखालचे टिंब), मग हलन्त आणि य.

युनिकोडचे एनएफसी नावाचे प्रमाणीकरण, जे जावास्क्रिप्टमध्ये "नॉर्मलाइझ" म्हणून तयार मिळते, त्याने पहिला आणि तिसरा प्रकार एक होतात, कारण ऱ आणि नुक्ता लावलेला र हे युनिकोडच्या लेखी एकच आहेत. दुसरा प्रकार मात्र तसाच राहतो. तुम्ही भाच्याच्या सल्ल्याने जोडक सरसकट काढलात, तेव्हा मागे उरले ते र, हलन्त, य. आणि ते म्हणजे रफार दिलेला "र्य". अशा रीतीने दऱ्यांचा दर्या झाला. आचाऱ्यांचे आचार्य आणि सुऱ्यांचे सुर्या झाले असतील तेही तपासा. स्वयंपाकाच्या पुस्तकांत आचार्यपदाला पोचलेले बरेच जण भेटतील.

क्रम असा ठेवा. आधी "र, हलन्त, जोडक" हे त्रिकूट जिथे जिथे असेल तिथे "ऱ, हलन्त" घाला. त्यानंतर उरलेले जोडक व विलगक (अक्षरे सुटी ठेवणारे, तसेच न दिसणारे चिन्ह) काढा. शेवटी एनएफसी लावा. हे संस्कार नोंदींवर आणि शोधणाऱ्याने टाकलेल्या शब्दावर, दोन्हींवर झाले पाहिजेत, आणि नोंदींच्या बाबतीत ते शोधासाठी ठेवलेल्या वेगळ्या रकान्यात करावेत. मूळ मजकुराला हात लावू नये. याच वेळी ॲ कडेही पाहा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी लोक अ ला वरचा चंद्र जोडून काम भागवत आणि अजूनही काही कळफलक तेच करतात. या दोघांना एनएफसी एक मानत नाही, त्यामुळे "ॲटलास" शोधणारे तुमचे गुरुजी तिथेही अडणार आहेत.

दोन फोनांवर दोन उत्तरे येण्याचे कारण ब्राउझर नाही, कळफलक आहे. इन्स्क्रिप्ट या कळफलकात शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की थेट ऱ उमटतो. इतर कळफलक आपापल्या पद्धतीने तेच रूप घडवतात. सभासद मात्र "माझ्या फोनवर चालत नाही" असेच म्हणणार आणि त्याच्या जागी ते खरेच आहे.

प्रतिसाद : जुनाखिळा

हा धागा वाचून वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे दिवस आठवले, आणि धागाकर्त्यांच्या नोंदींत जे गाळ साचले आहेत त्यांचा उगमही तिथेच असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस मराठी मजकूर जालावर दाखवायचा म्हणजे मराठी सोंग घेतलेला रोमन मजकूर पाठवायचा, अशी रीत होती. कृतिदेव या फॉन्टमध्ये "क" च्या जागी आत रोमन "डी" बसलेला असे. फॉन्ट हजर असेल तर वाचकाला क दिसे, नसेल तर रोमन अक्षरांची रांगोळी. प्रत्येक वाचकाकडे फॉन्ट असणार कसा? म्हणून तो पानाबरोबर पाठवण्याची सोय निघाली आणि तिथेच दोन घराणी झाली. १९९७ साली आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ या ब्राउझरला ईओटी या स्वरूपाचा फॉन्ट लागे आणि नेटस्केप ४ या दुसऱ्या ब्राउझरला पीएफआर या स्वरूपाचा. एकाच फॉन्टच्या दोन फायली कराव्या लागत, दोन्ही आपापल्या साधनांनी घडवाव्या लागत, आणि एवढे करूनही वाचकाने मजकूर उचलून पत्रात चिकटवला की पुन्हा रोमन रांगोळीच हाती येई. शोधयंत्रांना तर त्या पानात मराठी आहे याचा पत्ताच नसे.

युनिकोड आल्यावर प्रश्न मिटायला हवा होता, पण विंडोज एक्सपीत देवनागरीची जोडाक्षरे आपोआप जुळत नसत. नियंत्रण फलकात भाषांच्या पर्यायांत जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांच्या चौकटीत खूण करावी लागे आणि संगणक लगेच मूळ सीडी मागे. सायबर कॅफेचा मालक सीडी कुठून देणार? त्यामुळे "किताब" चे "कतिाब" वाचत लोकांनी दिवस काढले. पुढे फोन आले आणि अँड्रॉइड २.३ च्या अनेक फोनांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत. तेव्हा ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या अंतर्गत पर्यायांच्या पानावर जाऊन गुंतागुंतीच्या लिप्या चित्ररूपाने मागवण्याचा पर्याय चालू करायचा, म्हणजे त्यांचा सर्व्हर मराठी मजकुराची चित्रे बनवून पाठवी. अक्षरे सुबक नव्हती आणि डेटाही जास्त जाई, पण कित्येकांनी मराठी लेखन फोनवर प्रथम वाचले ते असे.

सांगायचे कारण हे की रूपांतरक लिहिणाऱ्यांनी त्या काळच्या ब्राउझरांत जे नीट दिसे तेच निवडले आणि जोडकवाला र त्यातूनच तुमच्याकडे आला. रूपांतरकाला शिव्या देऊ नका.

प्रतिसाद : शिरोरेखा

अक्षरांचे माथे कापले जाण्याबद्दल. तुमच्या पानाचा साचा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला असणार. त्यात ओळीची उंची अक्षराच्या १.२ पट आणि बटणांना ठरावीक पिक्सेलांची उंची, वर "बाहेर येईल ते लपवा" अशी सूचना. रोमन अक्षरांना ते पुरते. मराठीत मात्र "दर्यावर्दींना" या शब्दात शिरोरेखेच्या वर वेलांटी, तिच्यावर रफार आणि बाजूला अनुस्वार अशी दाटी होते, तर "कृष्णमूर्ती" मध्ये खाली ऋकार आणि दीर्घ उकार लोंबतात. ओळीची उंची १.६ च्या आसपास ठेवा, आणि बटणाला उंची देण्याऐवजी आतून वरखाली मोकळी जागा द्या, म्हणजे बटण अक्षराच्या मापाने वाढेल.

हा दोष काहींनाच दिसतो, कारण तुम्ही फॉन्ट ठरवलेला नाही आणि प्रत्येक यंत्र आपल्या घरचा फॉन्ट वाढते. विंडोज ८ पासून निर्मला, त्याआधी मंगल, अँड्रॉइडवर नोटो, ॲपलवर कोहिनूर. प्रत्येकाची रुंदी आणि उंची निराळी. "पुस्तक राखून ठेवा" हे बटण एका ठिकाणी एका ओळीत मावते आणि दुसऱ्या ठिकाणी "ठेवा" खाली कोसळते. मुंबईच्या "एक टाइप" या संस्थेचा मुक्त परवान्यातील "मुक्त" नावाचा फॉन्ट पानाबरोबर दिलात तर हा फरक बराच कमी होईल. पण फाइल लहान करण्याच्या मोहात "फक्त ही अक्षरे ठेवा" म्हणून कात्री चालवू नका. देवनागरी फॉन्टमध्ये सुट्या अक्षरांपलीकडे जोडाक्षरांची शेकडो चित्रे आणि ती कधी वापरायची याचे तक्ते असतात. ते तक्ते न समजणाऱ्या साधनाने कात्री लावली की "श्रद्धा" चे हलन्त उघडे पडतात.

शीर्षकातील अक्षरांमध्ये अंतर वाढवण्याची सूचना तुमच्या साच्यात असेल तर तीही काढा. रोमनमध्ये ती शोभा असते. मराठीत तिने शिरोरेखेचे तुकडे पडतात आणि शीर्षक दात पडल्यासारखे दिसते.

आणखी एक गोष्ट, जी जवळजवळ सगळेच विसरतात. पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा इंग्रजी लिहिलेली आहे का ते पाहा, कारण साच्यात ती तशीच येते. तिथे मराठीचा संकेत, म्हणजे एमआर, घाला. ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत त्या दोन अक्षरांनी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मिळतो, नाहीतर हिंदी वळणाचे रूप येते. दृष्टिहीन सभासदांच्या वाचकप्रणालीलाही पान कोणत्या भाषेत वाचायचे ते त्यावरूनच कळते.

प्रतिसाद : रोखठोक

थोडा विरोधी सूर लावतो. आयफोन ६ हा २०१४ सालचा फोन. एका फोनासाठी स्वयंसेवकाने किती रात्री जागाव्यात? ब्राउझर बनवणाऱ्यांनी आता बेसलाइन नावाची मोजपट्टी दिली आहे; क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या सर्वांत एखादी सोय येऊन ३० महिने झाले की ती "सर्वत्र उपलब्ध" समजली जाते. तेवढे पाळावे आणि मोकळे व्हावे. २००१ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ ची सेवा करण्यात आमच्या पिढीची उमेदीची वर्षे गेली, ती चूक पुन्हा नको.

प्रतिसाद : खतावणी

रोखठोक, तुमचे म्हणणे व्यापारी संकेतस्थळाला कदाचित लागू होईल. आमच्याकडे त्या फोनाच्या मालकीणबाईच ग्रंथपाल आहेत आणि वाचनालयातील सभासदांसाठीचा संगणक विंडोज ७ चा आहे. त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. नवा संगणक घेण्याचा ठराव दोन सभा पुढे ढकलला गेला आहे, तो मंजूर होईपर्यंत मी सभासदांना कोणती मोजपट्टी दाखवू?

प्रतिसाद : ओलसर

दोघांच्या मधला रस्ता आहे. क्रोम १०९ हा तसा म्हातारा नाही; त्यात ग्रिड व फ्लेक्सबॉक्स या पान मांडण्याच्या पद्धती आणि पडद्याच्या खऱ्या उंचीची नवी एककेही आहेत. सीएसएसमधील नियमाच्या पोटात नियम लिहिण्याची पद्धत मात्र त्याला कळत नाही, कारण ती क्रोमला ११२ पासून येऊ लागली. नियम सुटे लिहिले की प्रश्न संपतो आणि त्यासाठी रात्र जागावी लागत नाही. माझ्या शेतावरच्या मदतनिसाकडे २०१७ साली आलेला जिओफोन आहे. त्याचा पडदा २४० गुणिले ३२० चा आणि आत फायरफॉक्स ४८ च्या काळातले गेको इंजिन, ज्याला ग्रिड ठाऊक नाही. तरीही साध्या एचटीएमएलची सूची त्यावर एकाखाली एक उतरते आणि बाणाच्या कळांनी दुव्यांवरून फिरता येते. तिथे ती देखणी दिसावी असा माझा हट्ट नाही.

ब्राउझरचे नाव विचारून निर्णय घेऊ नका, एवढे मात्र सांगतो. आजही जवळजवळ प्रत्येक ब्राउझर आपली ओळख "मोझिला" या शब्दाने सुरू करतो, कारण एके काळी संकेतस्थळे ते नाव पाहूनच चांगले पान देत आणि मागून आलेल्या सर्वांनी तेच नाव सांगायला सुरुवात केली. २०२२ साली क्रोम आणि फायरफॉक्स १०० व्या आवृत्तीला पोचले, तेव्हा तीन अंकी आकडा वाचता न आल्यामुळे काही संकेतस्थळे अडखळली. सोय आहे का ते थेट विचारावे. त्यातही एक खड्डा आहे, मी स्वतः त्यात पडलो आहे. फ्लेक्सबॉक्समधील घटकांत अंतर ठेवणारी "गॅप" ही सूचना सफारीत १४.१ पासून चालते, पण तीच सूचना ग्रिडमध्ये आधीपासून चालत होती. बाईंच्या आयओएस १२ ला "गॅप समजते का" असे सीएसएसमधून विचारले तर तो "हो" म्हणेल आणि फ्लेक्सबॉक्समध्ये सगळी बटणे एकमेकांना चिकटवून देईल. तिथे साधे मार्जिन वापरणे शहाणपणाचे.

प्रतिसाद : दूरदेशी

मी अमेरिकेत राहतो, त्यामुळे तुमच्या न्यू जर्सीच्या सभासदांचे दुःख समजू शकतो. तुम्ही व्याख्यानाची तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, वेळेशिवाय, जावास्क्रिप्टला देत असणार. नुसती तारीख दिली की जावास्क्रिप्टच्या नियमानुसार ती ग्रीनिचच्या मध्यरात्रीची धरली जाते. त्या क्षणी भारतात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, म्हणून तुम्हाला तारीख बरोबर दिसते. इकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, म्हणून आम्हाला आदली तारीख दिसते. तारीख आणि वेळ यांच्यामध्ये नुसती रिकामी जागा सोडून दिलीत तर क्रोम समजून घेतो, पण जुनी सफारी "अवैध तारीख" म्हणून हात वर करते. मधे रोमन "टी" हवा. खरे तर व्याख्यानाची तारीख ही मजकूरच आहे. ती सर्व्हरवरच "१५ ऑगस्ट, सायंकाळी ६, भारतीय वेळ" अशी लिहून पाठवा.

प्रतिसाद : तोळामासा

अंकांबद्दल. जावास्क्रिप्टला "१२३" हा देवनागरी मजकूर संख्येत बदलायला सांगितला तर तो "ही संख्या नव्हे" असे उत्तर देतो, आणि अंक ओळखणारी नमुन्यातील खूणही फक्त रोमन शून्य ते नऊच ओळखते. गंमत अशी की पायथन या दुसऱ्या संगणकभाषेत तोच मजकूर बिनतक्रार १२३ होतो. म्हणजे सर्व्हर पायथनचा असेल तर त्याला चालणारा क्रमांक ब्राउझरच दारातून परत पाठवत असतो. चौकट साध्या मजकुराची ठेवा, अंकांचा कळफलक उघडण्याची सूचना वेगळी द्या आणि पाठवण्याआधी दहा देवनागरी अंकांचे रोमन अंक करून घ्या. दहाच अंक आहेत. त्यासाठी कुणाचा तयार कोडसंच जोडायची गरज नाही.

याच्या उलटही होते. संख्या मराठी पद्धतीने छापायला सांगितली की आजचे ब्राउझर आपोआप देवनागरी अंक आणि लाख-हजारांचे स्वल्पविराम देतात, पण ज्या जुन्या यंत्रात मराठीची माहिती भरलेली नाही ते मुकाट्याने इंग्रजीवर घसरते. सर्व्हर नोडचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) आणि १३ च्या आधीच्या आवृत्तीचा असेल, तर तिथेही मूळ बांधणीत इंग्रजीचीच माहिती असे. दंडाची रक्कम पानाच्या वरच्या भागात १,२५० आणि खालच्या भागात रोमन अंकांत दिसली, तर आपले हिशेबनीस डोळे तिथे अडकतील, पण बेरीज चुकलेली नसेल.

प्रतिसाद : अर्धमात्रा

एक राहिले. सूचीत लांबलचक शीर्षके तुम्ही ठरावीक अक्षरसंख्येवर तोडत असाल तर ते थांबवा. जावास्क्रिप्ट जे मोजते ती अक्षरे नव्हेत, सांकेतांक आहेत, त्यामुळे "पुस्तकांच्या" चे "पुस्तकांच्" होऊन शब्द लंगडतो. अक्षरे ओळखून तोडणारी नवी सोय ब्राउझरांत आहे, पण फायरफॉक्समध्ये ती २०२४ साली, १२५ व्या आवृत्तीत आली. शिवाय "क्ष" किंवा "स्त्री" यांसारखी जोडाक्षरे एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली आला. त्याआधीची माहिती घेऊन बसलेला ब्राउझर "स्त्री" चे तीन तुकडे मोजतो. शब्दाच्या सीमेवर तोडा, म्हणजे या वादात पडावे लागणार नाही.

प्रतिसाद : खतावणी

सर्वांचे आभार. गेले तीन आठवडे संध्याकाळी बसून एकेक दुरुस्ती केली, तिचा जमाखर्च देतो.

अर्धमात्रांनी सांगितलेला क्रम लावल्यावर गुरुजींच्या आणि नातीच्या फोनांवर "दऱ्या" ची उत्तरे सारखी आली. जोडक मी मूळ नोंदींतूनच काढले होते, त्यामुळे ते सुधारायला जुनी प्रत शोधावी लागली. ती सुदैवाने ग्रंथपाल बाईंनी पेन ड्राइव्हवर जपून ठेवली होती. पाककृतींच्या विभागात दोन आचारी खरोखरच आचार्य झालेले निघाले. ओळीची उंची, फॉन्ट आणि पानाची भाषा ही कामे एका संध्याकाळी झाली. बाईंच्या फोनवर बटणे अजून थोडी दाटीवाटीने बसतात, पण दाबता येतात. "राखून ठेवा" हे बटण आयफोनच्या खालच्या पट्टीमागे दडत होते, कारण मी पानाला पडद्याची पूर्ण उंची दिली होती आणि सफारी ती मोजताना पट्टी नसल्याचे गृहीत धरते. ती उंचीच काढून टाकली.

मॅक नसल्याची अडचण अर्धी सुटली आहे. प्लेराइट नावाच्या, संकेतस्थळे तपासण्याच्या साधनाबरोबर वेबकिटची बांधणी विंडोजवरही मिळते. तीत मांडणीचे दोष दिसतात, पण फोनचा कळफलक वर आल्यावर काय होते ते दिसत नाही, म्हणून त्यासाठी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी वाचनालयात सभासदांचे फोनच मागून घेतो. चहा माझ्याकडून असतो.

तपासणीसाठी एक वाक्य रचले आहे आणि ते प्रत्येक फोनवर उघडून पाहतो : "दऱ्याखोऱ्यांतून आलेल्या कष्टकऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या हंड्यांत वऱ्हाडी ज्वारीची उकड शिजवली आणि दर्यावर्दींना श्रद्धेने वाढली." यात एखादे अवघड अक्षर सुटले असेल तर सुचवावे. ङ बसवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, पण "वाङ्मय" आणले की ज्वारी बाहेर जाते.

प्रतिसाद : शिरोरेखा

ज्वारी राहू द्या. कष्टकऱ्यांच्या हातात वाङ्मयाचा एक खंड द्या. ग्रंथसूचीच आहे ना.